अनंत आणि नित्य

‘अनंत’ हा शब्द दोन अर्थांनी योजला जातो. ज्याला सीमा नाही ते अनंत, आणि ज्याला शेवट नाही तेही अनंत. पहिला अर्थ देशाचा, दुसरा काळाचा. विश्व अनंत आहे काय, असे विचारणारा बहुधा हे दोन्ही अर्थ एकत्र करूनच विचारतो, आणि उत्तर देणाराही त्याच गोंधळात सापडतो. जे विशाल ते टिकाऊ, असे मनाने आधीच धरलेले असते.

अमावास्येच्या रात्री आकाश काळे का दिसते, हा प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटतो. जर्मन ज्योतिर्विद ओल्बर्स याने १८२३ साली तो मांडला. त्याच्यापूर्वीही काहींना तो सुचला होता. विश्व सर्व दिशांना अमर्याद असेल, ताऱ्यांनी सर्वत्र सारखे भरलेले असेल आणि अनादि काळापासून तसेच असेल, तर दृष्टी जिकडे वळेल तिकडे तिला कोठे ना कोठे तारा भेटलाच पाहिजे. घनदाट अरण्यात उभ्या असलेल्या मनुष्यास चोहोकडे झाडांचे बुंधेच दिसतात, पलीकडचे माळरान दिसत नाही, तद्वत्. मग सारे आकाश सूर्यबिंबासारखे तळपावयास हवे. ते तळपत नाही; अर्थात तीन गृहीतांपैकी एखादे तरी खोटे आहे. आजचे उत्तर असे की, तारे अनादि नाहीत. विश्वाच्या प्रसरणाचा आरंभ सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो, आणि फार दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश येथवर पोचण्यास अद्याप अवधीच मिळालेला नाही. प्रसरणामुळे दूरचा प्रकाश क्षीण होतो हेही कारण आहे, पण ते दुय्यम. म्हणजे रात्रीचा अंधार काळाविषयी साक्ष देतो. देशाविषयी तो काहीच बोलत नाही.

देशाविषयी मापने झाली आहेत. जेथवरचे काही दिसू शकते त्या प्रदेशाची त्रिज्या आज सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षे आहे, आणि त्यात अवकाशास वक्रता जवळजवळ आढळत नाही. यावरून विश्व अमर्याद ठरते असे कित्येक समजतात. परंतु कागदाची सुरळी केली तरी त्यावरील त्रिकोणाच्या कोनांची बेरीज बदलत नाही, आणि त्या सुरळीभोवती सरळ चालणारी मुंगी मूळ जागी परत येते. सीमा न लागणे निराळे आणि अमर्याद असणे निराळे.

अंताविषयीही निर्णय नाही. प्रसरणाचा वेग वाढत आहे असे १९९८ साली दूरच्या स्फोटक ताऱ्यांवरून आढळले. तो तसाच वाढत राहिला तर दीर्घिका एकमेकींच्या दृष्टिआड होतील, तारे विझतील आणि सर्वत्र गारठा उरेल. हा वेग वाढविणारी शक्ती ओसरत असावी, अशी चिन्हे २०२४ व २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत दिसली. ती खरी ठरली तर भाकीत पुन्हा बदलेल.

येथे शास्त्राभिमान्याला एक मोह होतो. विज्ञानाचे ताजे मत घ्यावे आणि आपले सूत्र त्याने सिद्ध झाले असे सांगावे! १९४८ साली बाँडी, गोल्ड व हॉइल यांनी विश्व सदैव आहे तसेच असते असा सिद्धांत मांडला होता. प्रपंचाचे नित्यत्व त्या खुंटीला कोणी टांगले असते, तर १९६५ साली आद्य उष्णतेचे अवशिष्ट प्रारण सापडल्यावर त्याची काय गत झाली असती? जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी त्यानंतरही हॉइल यांच्यासह निराळे मत निष्ठेने मांडले. पण तो ज्योतिर्विदांचा आपसांतील विवाद होय. दुर्बिणीस जे दिसते ते सर्व व्यक्त, म्हणून कार्य प्रपंचच. तो अनित्य आहे हे मत दुर्बिणीच्या आधीचे. आणि कारण प्रपंच नित्य आहे की नाही, हे दुर्बिणीने ठरण्याजोगे नव्हे.

आता खरी शंका. सर्वच विझणार असेल तर अहिंसा, आचार, स्मरण यांना काय मोल? ही शंका तरुण वासनिकांच्या मनात येते, आणि तिला दटावून गप्प करणे योग्य नव्हे. परंतु शंका घेणाऱ्याने कृतीचे मोल तिच्या टिकण्यावरून मोजले आहे. पायाखाली येणारी मुंगी चुकवणारा मनुष्य तिचे आयुष्य किती उरले याचा हिशोब करीत नाही. शिवाय उलट पक्षही पाहावा. विश्व अनंतकाळ टिकले, असे क्षणभर धरू. बद्ध जीवाला त्यात लाभ कोणता? त्याच्या वाट्याला तेवढेच दीर्घ बंधन येईल.

कित्येकांना अंताचेच आकर्षण असते. २१ डिसेंबर २०१२ रोजी जग बुडणार अशी आवई उठली, तेव्हा काही लोक भ्याले आणि काही मनातून सुखावले, की एकदाचे सुटू. ब्रह्मविद्येत मात्र संहार म्हणजे मोक्ष नव्हे. कार्य प्रपंच मावळतो, जीव नित्य म्हणून उरतो, आणि बद्ध असेल तर बद्धच उरतो. पुढील सृष्टीत त्याचे तेच खाते पुन्हा उघडते.