गाव उठल्यावर

मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड ही गावं उठून आता वीसेक वर्षं झाली. त्यांच्यामागून अमोना, नागरतास, बारूखेडा, सोमठाणा, केलपाणी, धारगड, गुल्लरघाट उठली. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात झाली तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. गाभ्यातून माणसं हलवायची तर तशी किंमत मोजली पाहिजे, हे सरकारला पटायला मात्र २००८ उजाडलं. कुटुंबामागे १० लाख रुपये ठरले, १८ वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब धरला गेला, आणि २०२१ मध्ये रक्कम १५ लाखांवर नेली. शंभर कुटुंबांचं गाव असेल तर १५ कोटी. हा पैसा तुमचा-माझा आहे, म्हणून त्या जमिनीचं पुढे काय होतं हे विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.

गाव उठलं की मागे नांगरलेली शेतं, गुरांनी मोकळी ठेवलेली गायरानं, पाणवठे उरतात. सागाच्या रानात एवढी उघडी, सपाट जागा सहसा सापडत नाही. तिथे चांगलं गवत आलं की चितळ, सांबर, गवे येतात आणि त्यांच्या मागावर वाघ येतो. पण चांगलं गवत आपोआप येत नाही. आधी तरोटा माजतो, मग रानतुळस, आणि कडेकडेने घाणेरी आत सरकते. यातलं काहीच हरणं आवडीने खात नाहीत. वनविभागाने मेळघाटातल्या जुन्या गावठाणांवर कुरणं उभी केली ती अक्षरशः हातांनी. तरोट्याने बी धरायच्या आत तो मुळासकट उपटायचा, मारवेलीसारख्या गवतांचं बी जमवून ठेवायचं, पावसाच्या तोंडावर पेरायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. एक पावसाळा चुकला की तणाचं पडलेलं बी पुढची कित्येक वर्षं उगवत राहतं. शिवाय उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढायच्या आणि मोहाच्या दिवसांत वणव्यावर डोळा ठेवायचा.

माणूस बाजूला झाला की निसर्ग आपलं आपण सावरतो, ही शहरातली लाडकी समजूत या कुरणांपाशी टिकत नाही. ज्या मोकळ्या जागेसाठी आपण कोट्यवधी रुपये मोजले, ती इथल्या कोरकू आदिवासींच्या कित्येक पिढ्यांच्या मशागतीने मोकळी झालेली आहे. मशागत थांबली की ती जागाही हातची जाते.

आपल्या अंदाजपत्रकात जमीन मोकळी करण्याचा खर्च ठळक दिसतो, कारण तो एकदाच होतो आणि त्याचा आकडा सांगता येतो. राखणीचा खर्च दरवर्षीचा असतो, आणि तिथेच हात आखडतो. पैसा नाही असं म्हणायला जागा नाही. २०१९ मध्ये केंद्राने पर्यायी वनीकरणाच्या निधीतून राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रुपये दिले, त्यांत महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८०० कोटींवर आले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २००६ च्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी संवर्धन प्रतिष्ठान आलं. पर्यटकांकडून मिळणारं शुल्क तिथे जमा होतं. पण ताडोबाच्या दारात जिप्सींच्या रांगा लागतात, तशा मेळघाटात लागत नाहीत. वाघ दिसण्याच्या शक्यतेवर राखणीचा पैसा ठरत असेल, तर दाट आणि डोंगराळ जंगलं कायम उपाशी राहणार. त्यात सरकारी पैशाचं वेळापत्रक वेगळंच: तण वाढतं आषाढ-श्रावणात, खर्चाची घाई होते मार्चमध्ये.

माझं म्हणणं असं, की गाव उठवतानाच राखणीचा पैसा बाजूला काढावा. कुटुंबामागे आणखी १ लाख रुपये कायम ठेव म्हणून प्रतिष्ठानात, त्या गावाच्या नावाने ठेवावेत. शंभर कुटुंबांचे १ कोटी. ७ टक्क्यांनी वर्षाला ७ लाख व्याज. २०२५-२६ च्या रोजगार हमीच्या ३१२ रुपये मजुरीने त्यात २,२०० हून अधिक मनुष्यदिवस बसतात: चाळीस माणसांना जवळपास दोन महिन्यांचं काम, तेही नेमकं तण उपटायच्या दिवसांत. मूळ रकमेच्या पंधराव्या हिश्शात हे होतं. महागाईने व्याजाची किंमत घटेल, म्हणून काही भाग मुद्दलात परत टाकावा लागेल. तरी दरवर्षी मंजुरीची वाट पाहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ही चाळीस माणसं कोणती? त्याच गावची. आजही स्थानिक लोक जंगलात रोजंदारीवर राबतात, पण कोणाला घ्यायचं, कधी घ्यायचं, कुठलं कुरण आधी साफ करायचं हे ते ठरवत नाहीत. मजुरी मिळते, निर्णयात वाटा मिळत नाही. जानेवारी २०१९ मध्ये मेळघाटातल्या पुनर्वसनावर नाराज असलेले लोक आपल्या जुन्या गावी परत गेले आणि वनकर्मचाऱ्यांशी संघर्ष झाला, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. त्यामागे जमीन, पाणी, रोजगार यांच्या तक्रारी होत्या, आणि ठेवीच्या व्याजाने त्या मिटणार नाहीत. पुनर्वसनाची थकलेली वचनं आधी पाळावी लागतील. राखणीचं काम त्यांच्याऐवजी दिलं तर ती फसवणूक ठरेल.

गाभा निर्मनुष्य हवा, मग लोकांना पुन्हा आत कसं घ्यायचं, असा आक्षेप येईल. वस्ती आणि हंगामी काम यांत फरक आहे. वनविभागाचे संरक्षण मजूर आत राहतातच, आणि श्रावणात धारगडच्या यात्रेला हजारो लोक याच जंगलात जातात. मग पुनर्वसित गावाच्या ग्रामसभेने निवडलेली माणसं ठरल्या दिवशी, ठरल्या वाटेने कुरणावर गेली, जुन्या गावच्या ग्रामदैवताला, मुठवादेवाला, नारळ फोडून कामाला लागली, तर वाघाचं काय बिघडतं?

कुरणाचा वार्षिक आराखडा ग्रामसभा आणि वनविभाग यांनी मिळून पावसाआधी करावा. हिशेब ग्रामसभेत वाचला जावा, कोरकूतसुद्धा. प्रतिष्ठानाच्या बैठकीत या गावांच्या दोन माणसांना, त्यांतल्या एका बाईला, मताधिकारासह बसवावं. कुठलं गवत कुठे तग धरतं हे तिथे राहिलेल्या बायकांना ठाऊक आहे. जी गावं अजून उठायची आहेत, त्यांच्या करारात हे कलम आताच घालता येईल. जी उठली, त्यांच्यासाठी पर्यायी वनीकरणाच्या निधीतून ठेव मागता येईल.