वाटेतच देह पडला तर?

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन भगवंतांना एक करुण प्रश्न विचारतो. साधन पूर्ण होण्यापूर्वीच ज्याचा मार्ग खुंटला, तो फाटलेल्या अभ्राप्रमाणे दोन्हीकडून भ्रष्ट होऊन नाहीसा तर होत नाही ना? प्रश्न योगसाधकाविषयीचा खरा. परंतु ज्या घरातील तरुण पुत्र कार्यसिद्धीपूर्वीच गेला, त्या घरातही तोच उमटतो.

जॉन गिलेस्पी मॅगी याचा जन्म १९२२ साली शांघाय येथे झाला. पिता अमेरिकन धर्मोपदेशक, माता इंग्रज. येल विद्यापीठाची शिष्यवृत्ती बाजूस ठेवून १९४० साली तो कॅनडाच्या वायुसेनेत दाखल झाला. उंच आकाशात विहरताना झालेला आनंद त्याने ‘हाय फ्लाइट’ या चौदा ओळींच्या काव्यात ग्रथित केला आणि १९४१ च्या सप्टेंबरात पत्रातून मातापित्यांस धाडला. पुढे तीनच महिन्यांनी, ११ डिसेंबर १९४१ रोजी, इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात सरावाच्या वेळी ढगांतून खाली उतरत असता त्याचे स्पिटफायर विमान दुसऱ्या एका शिक्षण-विमानावर आदळले. दोन्ही तरुण वैमानिक गतप्राण झाले. दोघांचेही वय अवघे १९ वर्षांचे होते.

रणात पडता तर वीरगती. सरावात गेला, म्हणून व्यर्थ, असे जग म्हणते. गीतेचे माप निराळे आहे. अधिकार कर्मावर, फळावर नव्हे, असे दुसरा अध्याय सांगतो. सराव हेही कर्मच. निष्ठेने केलेला अभ्यास युद्धाहून उणा नाही. एकाचे काव्य मागे राहिले म्हणून तो सार्थ, आणि दुसऱ्याचे काहीच मागे राहिले नाही म्हणून तो व्यर्थ, असा भेद करणे म्हणजे पुन्हा फळच मोजणे होय.

आता भगवंतांचे उत्तर पाहावे. शुभ कर्म करणाऱ्याची दुर्गती इहलोकी वा परलोकी होत नाही, असे अभय देताना ते अर्जुनास ‘तात’ म्हणून हाक मारतात. अर्जुनासाठी हे संबोधन साऱ्या गीतेत येथेच आले आहे. तात म्हणजे पिता. पिताच पुत्ररूपाने विस्तारतो, म्हणून पुत्रही तात, असे आचार्य शंकरांनी भाष्यात विवरण केले आहे. गेलेला पुत्र आणि मागे राहिलेला पिता, दोघेही त्या एका हाकेत सामावतात. शोकाकुलाने ते अभय हृदयी धरावे, आणि साधकाने आजचे कर्म आजच मनःपूर्वक करावे.