अक्षयनीवी आणि एका हंगामाचा संघ

मराठीत ‘संघ’ हा एकच शब्द खेळाडूंच्या चमूला लागतो आणि भिक्खूंच्या समुदायालाही. या दोन्ही अर्थांच्या मुळाशी असलेला प्रश्नही एकच आहे. माणसे येतात आणि जातात, साधने झिजतात, पैसा पुरवणारे हात बदलतात, तेव्हा ‘हा तोच संघ’ असे कशाच्या आधारावर म्हणायचे? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांपुढे हा प्रश्न जवळजवळ हजार वर्षांच्या मापाने विचारता येतो. युरोपातील व्यावसायिक सायकल शर्यतींत तो कधी कधी एका हंगामाच्या मापाने विचारावा लागतो, आणि तेथे तो अधिक टोचतो.

‘लेपर्ड ट्रेक’ हा लक्झेम्बर्गचा संघ २०११च्या हंगामात रस्त्यावर उतरला आणि त्या हंगामाबरोबरच त्याचे नाव संपले. उद्योजक फ्लाव्हिओ बेका यांचे द्रव्यबळ त्याच्यामागे होते; अँडी आणि फ्रँक हे श्लेक बंधू तसेच फाबियान कान्सेलारा हे त्याचे बिनीचे सायकलपटू होते. अशा शर्यतीत संघ म्हणजे एकाच रंगाची जर्सी घातलेली सुटी माणसे नव्हेत. पुढच्याच्या आडोशाने जाणाऱ्याला वाऱ्याचा अडथळा कमी होतो आणि त्याची बरीच शक्ती वाचते, म्हणून संघातील बहुतेक जण स्वतः जिंकण्यासाठी नव्हे, तर म्होरक्यासाठी वारा अंगावर घेण्याकरिता आणि त्याला पाण्याच्या बाटल्या आणून देण्याकरिता पायडल मारतात. त्यांना फ्रेंचमध्ये ‘दोमेस्तीक’, म्हणजे घरगडी, असे काहीसे निष्ठुर नाव आहे. २१ जुलै २०११ रोजी टूर द फ्रान्सच्या अठराव्या टप्प्यात अँडी श्लेकने शेवट सुमारे ६० किलोमीटरवर असतानाच मुसंडी मारली आणि २,६४५ मीटर उंचीच्या गालिबिए घाटमाथ्यावर तो एकटा पोहोचला. परंतु तो एकटेपणाही उसना होता, कारण मॅक्सिम मोंफोर आणि योस्ट पोस्टुमा या सहकाऱ्यांना त्याच्यासाठी आधीच पुढे धाडून ठेवलेले होते.

त्या टूरमध्ये दोघे बंधू दुसरे आणि तिसरे आले, आणि वर्ष सरण्यापूर्वीच रेडिओशॅक संघाशी विलीनीकरण जाहीर झाले. २०१२मध्ये ‘रेडिओशॅक-निसान’ हे नाव आले. २०१४मध्ये सूत्रे ट्रेक या सायकल कंपनीकडे गेली. पुढे सेगाफ्रेडो या कॉफीच्या आणि २०२३पासून लिडल या किराणा दुकानांच्या नावाची जोड मिळाली. आजच्या लिडल-ट्रेकचा वंशवृक्ष २०११पर्यंत नेला जातो. म्हणजे नावाकडे पाहिले तर संघ एका वर्षात मेला आणि कागदाकडे पाहिले तर तो मेलाच नाही.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदापुढे रथाचे उदाहरण ठेवतात, ते येथे उपयोगी पडते. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही नव्हे, आणि हे सारे वगळून उरणारे दुसरे काही तर नव्हेच. ‘रथ’ ही केवळ प्रज्ञप्ती, म्हणजे घटकांच्या जुळणीला व्यवहारासाठी दिलेले नाव होय. सायकल संघाला हे विवेचन इतके चपखल लागू पडते की ते पुरेसे वाटू लागते, आणि नेमकी तेथेच सावधगिरी हवी. संघ नाममात्र आहे असे म्हटल्यावर प्रश्न सुटत नाही, कारण नाव गेल्यावरही काही बंधने मागे राहिल्याचे दिसते.

९ मे २०११ रोजी जिरो द’इटालिया या इटलीतील शर्यतीच्या तिसऱ्या टप्प्यात पासो देल बोक्कोच्या उतारावर या संघाचा बेल्जियन सायकलपटू वाउटर वेलांट कोसळून मृत्यू पावला. दुसऱ्या दिवशी कोणी शर्यत केली नाही. सर्व जण संथपणे टप्पा पार करीत गेले आणि शेवटची रेषा लेपर्डच्या सायकलपटूंनी वेलांटचा मित्र टायलर फरार याला आपल्यात घेऊन ओलांडली. फरार दुसऱ्या संघाचा होता, ही गोष्ट संघाच्या व्याख्येपुरती लहान नाही. वेलांटचा क्रमांक १०८ होता आणि जिरोच्या आयोजकांनी तो पुढे कोणालाही न देण्याचे ठरवले. जपमाळेच्या मण्यांचीही हीच संख्या आहे, पण या योगायोगाला अर्थ चिकटवण्याचा मोह टाळणेच बरे. महत्त्वाचे आहे ते एवढेच की एक गोष्ट वापरातून काढून बाजूला ठेवली गेली आणि तिच्या रिकामेपणाने ती मोडीत निघालेल्या नावाला बांधून ठेवते.

पश्चिम भारतातील लेण्यांत अशा बाजूला ठेवण्याची एक रीतसर संस्थाच होती. तिला ‘अक्षयनीवी’ म्हणत : मुद्दलाला हात लावायचा नाही, केवळ व्याजातून भिक्खूंची चीवरे, म्हणजे वस्त्रे, पुरवायची. नाशिकच्या लेण्यांत उषवदात नावाच्या दात्याने ३,००० कार्षापण नाण्यांची अशी ठेव नोंदवली असून त्यांपैकी २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघटनेकडे, दरमहा शेकडा एक दराने ठेवलेले होते. कान्हेरीच्या शिलालेखांतही कल्याण, सोपारा अशा ठिकाणच्या दात्यांची दाने आणि अक्षयनीवी आढळतात.

येथे आक्षेप असा घेता येईल की त्या दात्यांनीही आपली नावे दगडात कोरून घेतलीच, मग आजच्या प्रायोजकाने जर्सीवर नाव छापले तर बिघडले कोठे? फरक नाव लिहिण्यात नाही, ते कोठे लिहिले यात आहे. दात्याचे नाव भिंतीवर राहिले, संघाला लागले नाही. दान ‘चातुर्दिश’, म्हणजे चारही दिशांनी येणाऱ्या, भिक्खुसंघाला होते, त्यात उद्या येणारा अनोळखी भिक्खूही आला. प्रायोजकाचे नाव हेच मात्र संघाचे नाव असते, त्यामुळे त्याचा हेतू पुरा झाला की संघाला उच्चारायलाही काही उरत नाही. शिवाय तेथे मुद्दल नसतेच. दर वर्षीचा पैसा त्याच वर्षी रस्त्यावर खर्ची पडतो.

तरीही कान्हेरीचा संघ टिकला आणि लेपर्डचा गेला, असा सरळ निवाडा देता येत नाही, कारण कान्हेरीतूनही अखेर भिक्खू निघून गेले आणि ज्यांना मुद्दल सोपवले होते त्या श्रेणीही राहिल्या नाहीत. दात्यांनी खडकात खोदून दिलेल्या पाण्याच्या पोढ्या, म्हणजे टाकी, तेवढ्या तेथे आहेत. काहींच्या वर दान देणाऱ्याचे नाव अजून वाचता येते, आणि जूनमध्ये डोंगरावर पाऊस सुरू झाला की त्या भरू लागतात.