यथाकाळी अन्न

(मत्तय २४:४५–४६, इब्री ५:१२–१४)



आपल्या प्रभूने विश्वासू व शहाण्या चाकराविषयी जे सांगितले, त्यात धनी त्या चाकराच्या हाती एकच काम सोपवितो: घरच्या मंडळीस त्यांचे अन्न वेळच्या वेळी द्यावे. कोठार भरलेले असूनही वेळ चुकली तर घरची माणसे दुर्बळ होतात, ही गोष्ट ज्याच्या हाती मापटे आहे त्याने कधी विसरू नये. या वचनाचे मर्म समजून घेण्यास दूर जावयास नको. आपल्या अंगणातल्या खुराड्यापाशी गेले तरी पुरे. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ भगिनी तलंगा पाळतात, आणि अंड्यांच्या पैशातून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च व प्रभूच्या दानपेटीतला वाटा काढतात. त्यांनी हा धडा आधी ऐकावा, मग आम्हां पाळक-उपदेशकांस तो शिकवावा.

तलंगेच्या आयुष्यात अन्नाचे तीन काळ आहेत. पहिले ६ ते ८ आठवडे पिल्लास बारीक भरडलेले सकस खाद्य लागते. त्यात प्रथिने शेकडा २० च्या सुमारास असतात. मग वाढीचा काळ येतो. त्यात प्रथिने शेकडा १६ च्या सुमारास आणि चुन्याचा अंश, ज्याला कॅल्शियम म्हणतात, तो शेकडा १ च्या आसपास पुरतो. कारण या काळात अंगाची बांधणी सावकाश व घट्ट व्हावयाची असते. तिसरा काळ अंड्यावर आल्याचा. त्या खाद्यात कॅल्शियम शेकडा साडेतीन ते चार असते. बाजारात ही खाद्ये स्टार्टर, ग्रोअर व लेयर या नावांनी मिळतात.

तिसरे खाद्य केव्हा सुरू करावे, हाच खरा प्रश्न आहे. सुधारलेल्या जातीची तलंग बहुधा १८ ते २० आठवड्यांची झाली म्हणजे अंड्यावर येते. गावठी तलंगेस सहा-सात महिने, कधी त्याहूनही अधिक लागतात. म्हणून नुसते दिवस मोजून भागत नाही, पक्षी पाहावा लागतो. तुरा वाढून तांबडालाल होऊ लागला, पाठीवर हात ठेवताच तलंग दबून बसू लागली, कोपऱ्याकोपऱ्यात अंड्यासाठी जागा शोधू लागली, म्हणजे काळ जवळ आला असे जाणावे. पहिल्या अंड्याच्या सुमारे दोन आठवडे आधी देवाने नेमल्याप्रमाणे तिच्या लांब हाडांच्या पोकळीत एक निराळे हाड धरू लागते. ते तिचे चुन्याचे कोठार होय. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते, आणि ते कवच चढावयास सुमारे २० तास लागतात. त्यातला बराच वेळ रात्रीचा, म्हणजे कोंबडी काही खात नाही तेव्हाचा असतो. त्या वेळी हे कोठार तिच्या उपयोगी पडते. तेव्हा ही चिन्हे दिसू लागताच खाद्य बदलावयास आरंभ करावा.

आता या कामात दोन चुका होतात, आणि दोन्ही आमच्या मंडळ्यांतही होतात.

पहिली चूक घाईची. अंडी लवकर मिळावीत म्हणून कोणी १० आठवड्यांच्या तलंगेपुढे अंड्यावरचे खाद्य ठेवतो. तिच्या अंगाला त्या चुन्याचा उपयोग नसतो. तो बाहेर टाकता टाकता तिची मूत्रपिंडे बिघडतात. वरून पाहावे तर पिसे तुकतुकीत, चाल चपळ. आतली इजा मात्र राहून जाते, आणि ऐन अंडी देण्याच्या दिवसांत ती एकाएकी मरून पडते. प्रियांनो, बाप्तिस्मा होऊन दोन महिने झाले नाहीत तोच एखाद्या भावाला मंडळीचा पंच नेमावे, वर्गणी गोळा करण्याचे ओझे त्याच्या माथी द्यावे, भाऊबंदांच्या रागाला तोंड देण्यास त्याला एकट्याला पुढे उभे करावे, हे काय आहे? नवशिक्यास अध्यक्षाचे काम देऊ नये, नाही तर तो गर्वाने फुगून पडेल, असा इशारा पौलाने तीमथ्याला दिला तो याचसाठी. प्रभूने स्वतः आपल्या शिष्यांस अखेरच्या रात्री सांगितले की, सांगण्यासारखे अजून पुष्कळ आहे, पण ते तुम्हांस आताच सोसवणार नाही. ज्याच्यापाशी सर्व ज्ञान होते त्याने थांबावे, आणि आम्ही घाई करावी काय?

दुसरी चूक दिरंगाईची, आणि ती अधिक दुःखाची. तलंग अंड्यावर आली तरी धनी तिला जुनेच खाद्य घालीत राहतो. अंडी तर रोज मिळतात. मग खर्च कशाला वाढवावा? पण त्या अंड्याचे कवच कोठून येते हे तो पाहत नाही. कोंबडी ते आपल्या हाडांतून काढून देते. काही दिवस कोणाला काही कळत नाही. मग कवच पातळ होते, कधी अंडे कवचावाचून मऊच पडते, पाय लटपटू लागतात, आणि शेवटी ती उभीही राहू शकत नाही. तोवर तिने धन्याला काही उणे पडू दिलेले नसते.

आम्ही ज्यांस मंडळीचे आधार म्हणतो, त्यांच्यापैकी कित्येक आज असेच आपल्या हाडांतून देत आहेत. सतरा वर्षांची मुलगी दर रविवारी शब्बाथशाळेचा वर्ग घेते; तिला स्वतःला मात्र लहानपणी पाठ केलेल्या गोष्टींपलीकडे कोणी काही शिकविलेले नसते. तरुण मुलगा शहरात कामास जातो, तेथे त्याच्या विश्वासाची रोज परीक्षा होते, आणि आम्ही त्याला अजून पाळण्यातल्या बाळासारखे दूध पाजतो. इब्रीकरांस पत्र लिहिणाऱ्याने हीच तक्रार केली आहे की, एवढ्या काळात ज्यांनी शिक्षक व्हावयाचे त्यांस अजून मुळाक्षरे शिकवावी लागतात. जड अन्न प्रौढांसाठी असते. आणि उपदेशक बंधूंनो, तुमचे काय? तीन-तीन गावांची उपासना, आजाऱ्यांची भेट, प्रेतक्रिया, लग्ने, भांडणांचा निवाडा, इतके करून तुम्ही पहाटे स्वतःसाठी पवित्र शास्त्र किती वाचता? लोक म्हणतात, उपदेशकाचे चांगले चालले आहे, कारण दर रविवारी उपदेश मिळतो. खुराड्याचा धनीही असेच म्हणत होता.

एलीया झुडपाखाली पडून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला धाक घातला नाही, की काम का सोडलेस असे आधी विचारले नाही. दूताने त्याला भाकर व पाणी दिले, झोपू दिले, आणि पुन्हा उठवून खाऊ घातले. कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती. मग त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालला. ज्याच्याकडून मोठे काम घ्यावयाचे त्याला आधी जेवू घालणे, ही देवाची रीत आहे.

तर मग उपाय काय? तोही खुराड्यातच आहे. शहाणी बाई खाद्य एका दिवसात बदलत नाही. पहिले दोन-तीन दिवस जुन्यात चौथा हिस्सा नवे मिसळते, मग निम्मे, मग तीन हिस्से. आठवडाभरात नवे खाद्य अंगी लागते. आणि जिच्या खुराड्यात लहान-मोठ्या कोंबड्या व कोंबडे एकत्र चरतात, ती सर्वांस वाढीचेच खाद्य घालून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवते. जी अंड्यावर आहे ती आपल्या गरजेप्रमाणे तेथे चोच मारते, विशेषतः सायंकाळी. लहानांवर त्याचे ओझे पडत नाही. आमच्या मंडळ्या अशाच मिसळ कळपासारख्या आहेत. रविवारची उपासना सर्वांस पचेल अशी असावी, पण वेगळे भांडेही असावे: आठवड्यातून एक संध्याकाळ, कंदिलाभोवती वा दिव्याखाली, जे सेवा करितात त्यांच्यासाठी शास्त्राचा खोल अभ्यास. आणि जो भाऊ आज नवे ओझे घेतो, त्याला आरंभी चौथाच हिस्सा द्यावा.

म्हणून आमची विनंती अशी की, प्रत्येक उपदेशकाने या आठवड्यात आपल्या मंडळीच्या नावांची यादी घेऊन बसावे आणि प्रत्येक नावापाशी प्रार्थनापूर्वक विचारावे: हा कोणत्या काळात आहे? कोणावर आम्ही घाईने ओझे लादले? कोण आपली हाडे झिजवून देत आहे, आणि आम्ही त्याची अंडी मोजीत बसलो आहो? त्या यादीत स्वतःचे नावही लिहावे.

एक गोष्ट शेवटची. कोंबडी आपल्या हाडांतून देते आणि अखेर खचते. परंतु ज्याने यरुशलेमेकडे पाहून, कोंबडी पिल्लांस पंखांखाली घेते तसे तुम्हांस घेण्याची माझी किती इच्छा होती असे म्हटले, त्याने वधस्तंभावर आपले शरीर आमच्यासाठी दिले, आणि तो मेलेल्यांतून उठून जिवंत आहे. म्हणून त्याचे मेज कधी रिकामे होत नाही. त्याच्यापाशी आधी बसून खा, बंधूंनो, आणि मग उठून त्याच्या घरच्यांस त्यांचे अन्न वेळेवर द्या. धनी येईल तेव्हा जो चाकर हेच करिताना आढळेल तो धन्य. आमेन.