मीठ विरतं तेव्हा काय संपतं?

छांदोग्य उपनिषदात उद्दालक मुलाला, श्वेतकेतूला, रात्री पाण्यात मीठ टाकायला सांगतो आणि सकाळी तेच परत मागतो. ते सापडत नाही. मग तो वरचं, मधलं, तळाचं पाणी चाखायला लावतो. सगळीकडे खारट. तुकोबांनीही देवाशी एकरूप होण्यासाठी मिठाचाच दृष्टांत घेतला. ‘मी’पण विरलं म्हणजे माणूस नाहीसा झाला, असा त्याचा अर्थ कीर्तनात ऐकते, तेव्हा माझ्यातली रसायनशास्त्राची शिक्षिका अडून बसते.

रायपूरच्या बूढापाऱ्यात माझ्याकडे शिकायला येणारी मुलं विचारतात, ‘‘मॅडम, क्षार आणि आयनिक संयुग एकच ना?’’ नाही. आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार होतो, तो आयनिक, म्हणजे विद्युतभारित कणांचा (आयनांचा) बनलेला असतो. पण प्रत्येक आयनिक संयुग क्षार नसतं. कळीचा चुना आयनिकच. पाण्यात पडला की खदखदतो, भांडं तापतं, त्याच्या ऑक्साइड आयनाचा हायड्रॉक्साइड होतो. त्याचं आधीचं रूप खरोखर संपतं.

मिठाचं तसं नाही. खड्यात मिठाचा सुटा रेणू नसतोच. प्रत्येक सोडियम आयनाला सहा क्लोराइड लागून, प्रत्येक क्लोराइडला सहा सोडियम. अमका तमक्याचा, असं म्हणताच येत नाही. ही पकड नुसत्या आचेनं सोडवायची तर 801 अंश सेल्सिअस लागतात, आणि पाणी ती गार राहूनच सोडवतं! मला याचं अजून नवल वाटतं. आयन मात्र पाण्यानं घडवलेले नसतात. ते खड्यातही होते. सुटते ती पकड.

सर्वनाशच सांगायचा असता तर चुना चपखल होता. उद्दालकानं मीठ घेतलं. ‘मी’पण विरूनही माणूस उरतो, याचं उदाहरण इथलंच. 1877 मध्ये वडिलांकडे रायपूरला आलेला किशोरवयीन नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, याच बूढापाऱ्यात राहिला. इथल्या बूढा तलावाला आज त्यांचंच नाव आहे. अद्वैत सांगणाऱ्या त्या माणसाचा पीळ, त्याचा आवाज, त्याची चीड कुठे पुसली गेली होती?

कुणी म्हणेल, पाणी आटवलं की मीठ परत येतं. मुक्त माणूस तर परतत नाही. खरं आहे. शिवाय नव्या खड्यात कुठला सोडियम कुठल्या क्लोराइडशेजारी बसेल, याला जुन्या खड्याचा काही आधार नसतो. मिठाचा दृष्टांत इथे थांबतो, तो पुढे ताणू नये. उद्दालकानंही पाणी आटवायला सांगितलं नव्हतं, चाखायला सांगितलं होतं.