मागच्या दारातून पाहिलेली गाडी

बीड जिल्ह्यात मोठी गाडी घेताना सांगायचं कारण ठरलेलं असतं : आपल्याकडचे रस्ते. आष्टी-पाटोद्याकडच्या वस्त्या, डोंगरपट्ट्यातले तांडे, पहिल्याच पावसात पाण्याखाली जाणारे फरशी पूल ही यादी सगळ्यांना पाठ असते. न सांगायचं कारणही सगळ्यांना माहीत असतं. काळी स्कॉर्पिओ किंवा थार दारात उभी राहिली की माणसाची वट वाढते, पंचायत समितीच्या आवारात लोक आधी नमस्कार घालतात. घरात दोन-तीन वर्षांचं लेकरू असेल तर पहिल्या कारणाला त्याचाही आधार मिळतो. ‘लेकरंबाळं घेऊन फिरायचं म्हणल्यावर गाडी मजबूत पाहिजे.’ वाक्य चांगलं आहे. फक्त ते खरं करायचं तर मजबुती कुठून मोजायची हे आधी ठरवायला हवं. आपण ती बोनेटकडून मोजतो आणि लेकरू बसतं मागे.

रस्त्यांची तक्रार खोटी नाही. बालाघाटाने जिल्ह्याचे दोन मजले केले आहेत. वर मुरमाड, खडकाळ पठार आणि खाली गोदावरीच्या अंगाने गेवराई-माजलगावची काळी जमीन. वरच्या वाटांवर दगड उंच असतात, तिथे गाडीचं पोट जमिनीपासून वर असलेलं बरं. खालच्या रानात मात्र पाऊस पडून गेल्यावर फोर बाय फोरचाही तोरा उतरतो. चिकण माती टायरच्या खाचांत भरून बसली की टायर गुळगुळीत होतो. मग दोनाऐवजी चारही चाकं जागच्या जागी फिरतात आणि शेवटी शेजारच्या रानातला ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. जो शेतातच राहतो, ज्याला रात्री-अपरात्री आजारी लेकरू घेऊन पाणंदीतून बाहेर पडायचं आहे, त्याने चारही चाकांना जोर देणारी गाडी जरूर घ्यावी, आणि सोबत चिखलाचे टायरही घ्यावेत. बाकीच्यांची गाडी वर्षभर जाते कुठे? संभाजीनगरला, पुण्याला, सोलापूरला, परळीला दर्शनाला, अंबाजोगाईला दवाखान्यात, श्रावणात फार तर कपिलधारला किंवा सौताड्याचा धबधबा बघायला. हे सगळे डांबरी नाहीतर सिमेंटचे रस्ते. खडकाळ वाटेवर वेग ताशी दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे जात नाही. तिथे टेंगूळ येईल, उलटी होईल. जीव सहसा जात नाही. जीव जातो चांगल्या रस्त्यावर.

बीडकरांना हे नव्याने सांगायला नको. जिल्ह्याने आपली दोन मोठी माणसं रस्त्यावर गमावली आणि दोन्ही वेळा रस्ता उत्तम होता. ३ जून २०१४ च्या सकाळी गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. केंद्रीय ग्रामविकास मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि बीडला सत्काराची तयारी सुरू होती. साधी मारुतीची गाडी, मागची सीट, राजधानीतला रुंद चौक, बाजूने दुसऱ्या गाडीची धडक. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी नंतर मागच्या सीटच्या बेल्टचा मुद्दा जाहीरपणे मांडला. त्यानंतर आठ वर्षांनी, १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे, जिल्ह्यातले नेते विनायक मेटे मराठा आरक्षणाच्या बैठकीसाठी बीडहून मुंबईला चालले होते. ते फोर्ड एन्डेव्हरमध्ये होते. चेसिसवर बांधलेली, दोन टनांहून जड, लोक ज्याला रणगाडा म्हणतात तसली गाडी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ ती ट्रकवर आदळली. एक गाडी साधी, दुसरी दणकट, शेवट एकच.

या अपघातांचे तर्क इथे करायचे नाहीत. पण आपल्या प्रवासाची एक रीत त्या निमित्ताने तपासायला हरकत नाही. ‘रात्री जेवून निघू, उजाडता पोचू’ हा आपला लाडका बेत असतो. लेकरं झोपतात, ऊन लागत नाही, रस्ता मोकळा मिळतो. खरंच आहे. फक्त पहाटे तीन-चारला गाडी हाकणाऱ्याचीही झोपायची वेळ झालेली असते, आणि समोर दिवे नसलेली उसाची ट्रॉली असू शकते. गाडी जितकी जड, तितकी ती थांबवायला अवघड. उंच गाडी झटक्यात वळवली तर पलटी व्हायची भीती बुटक्या गाडीपेक्षा जास्त. गाडीने दिलेला धीर आपण वेगात खर्च करून टाकतो, हा माझा मोठ्या गाड्यांवरचा मुख्य आक्षेप आहे.

आता मागचं दार उघडू. नवी गाडी आली की आठवडाभरात तिच्यावर रेक्झिनचं कव्हर चढतं आणि मागच्या बेल्टची लॉकं त्या कव्हराखाली गडप होतात. सीटच्या फटीत बोटं घालून चाचपलं तर आधी शेंगदाण्याची टरफलं लागतात, मग रुपयाचं नाणं, मग चिकटलेली गोळी आणि सगळ्यात खाली लॉक. हे कव्हर लाख-दीड लाख जास्त मोजून वरचं मॉडेल घेणाऱ्यानेच हौसेने बसवलेलं असतं. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आहे : चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर हजार रुपये दंड. आपल्याकडे तो कलमापुरताच राहिला आहे, कारण आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही असं पोलिसालाही वाटतं. ताशी पन्नास किलोमीटरने धडक झाली तर दहा किलोचं लेकरू त्या क्षणापुरतं दोन-तीनशे किलोंचा ओढा देतं. तेवढं वजन धरून ठेवणारे हात कुठल्याच आईला नाहीत.

सुरक्षिततेच्या ताऱ्यांची जाहिरातही याच नजरेने वाचावी. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या चाचणी संस्थेने स्कॉर्पिओ-एन आदळून पाहिली तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षिततेला पाच तारे मिळाले आणि मुलांच्या सुरक्षिततेला तीन. थार रॉक्सला २०२४ मध्ये भारत एनकॅपमध्ये दोन्हीकडे पाच मिळाले. म्हणजे दणकट गाडी लेकरांसाठीही चांगली बनवता येते. मात्र त्या चाचणीत दीड वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे जे दोन पुतळे बसवतात, ते कुणाच्या मांडीवर नसतात, चाइल्ड सीटमध्ये असतात. ती सीट घेतली नाही तर मुलांच्या खात्यावरचे तारे शोरूममध्येच राहिले म्हणायचे. फोर बाय फोरसाठी दोन लाख जास्त मोजायला तयार असलेला बाप पाच-दहा हजारांच्या सीटवर ‘दोन वर्षांत मोठं होईल की’ म्हणतो, तेव्हा मला गंमत वाटते आणि थोडा रागही येतो.

तीन दारांची थार दिसायला देखणी, पण मागे जायला पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. कडेवर झोपलेलं लेकरू घेऊन हे एकदा करून बघावं. मागच्या काचा खाली होत नाहीत; मे महिन्यातल्या बीडमध्ये याचा अर्थ काय तो वेगळा सांगायला नको. जिम्नीला पाच दारं आहेत, अंगही आटोपशीर. पण माणसं चारच बसतात आणि डिकी जेमतेम २०८ लिटरची. चौकोनी कुटुंबाला ठीक आहे, आजी-आजोबा धरले तर हिशोब मोडला. पुण्याच्या फोर्सची पाच दारी गुरखा ऐसपैस आहे, डोंगर चढण्यात बाकीच्यांना भारी. मात्र नऊवारी नेसलेल्या आजीला तीत चढवायला दोन माणसं लागतील. बोलेरोच्या अगदी मागे आडवी बाकडी असतात, आणि लेकरांची जागा आपण तिथेच ठरवून टाकतो.

हे आडवं बसणं आलं जीपमधून. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. मूळची ती लष्करी गाडी. तिचेच भाऊबंद पुढे मराठवाड्यात काळीपिवळी म्हणून फिरले. एसटी जिथे दिवसातून एकदा यायची तिथे या गाड्यांनी बाळंतिणी, शाळकरी पोरं, बाजाराच्या पाट्या सगळं वाहिलं. त्यांचे उपकार आहेत. पण गाडी किती माणसांची हे कंपनीने नव्हे, ड्रायव्हरने ठरवायचं, ही सवयही त्यांनीच लावली. आज वीस लाखांच्या गाडीत लग्नाला निघालेले अकरा जण आणि डिकीत आहेराच्या पिशव्यांवर बसवलेली तीन लेकरं दिसली की कळतं, गाडी बदलली, डोक्यात अजून काळीपिवळीच चालू आहे.

पुढचा जाडजूड लोखंडी गार्ड हीही अशीच एक सवय. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरात असे गार्ड काढायला राज्यांना कळवलं, कारण त्याने धडकेचा धक्का चुकीच्या जागी जातो आणि एअरबॅगचा हिशोब बिघडतो. शिवाय अंगणातला धोका आहेच. उंच बोनेटच्या पुढ्यात उकिडवं बसून मातीत खेळणारं दोन वर्षांचं लेकरू ड्रायव्हरला दिसत नाही, मागे असलं तर मुळीच नाही. घरात लहान मूल असेल तर सनरूफ सोडावं, पुढचा-मागचा कॅमेरा घ्यावा, आणि गाडी सुरू करण्याआधी मूल कुणाच्या तरी कडेवर आहे हे पाहावं.

इथवर बोललो ते ज्यांना निवड आहे त्यांच्याबद्दल. या जिल्ह्यात लहान लेकरं घेऊन खऱ्या अर्थाने आडवाटेने जाणारी कुटुंबं वेगळीच आहेत. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडणीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या टोळ्या निघतात. सांगली-कोल्हापूरकडे, पुणे-साताऱ्याकडे, कर्नाटकात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाली भांडी, पत्रे, बाजरीची पोती, एखादी शेळी; वर ताडपत्री; ताडपत्रीवर बायका आणि लेकरं. रात्रभराचा प्रवास. मालवाहू वाहनात माणसं बसवायला कायद्याने मनाई आहे, तरी मोसमाच्या सुरुवातीला हा ताफा हमरस्त्यावरून उघडपणे जातो. पकडायला तिथे दोरी असते, बेल्टचा प्रश्नच येत नाही.

साखर कारखाने तोडणीच्या वाहतुकीचे करार महिनोन्‌महिने आधी करतात, ट्रॅक्टर ठरवतात, उचल मोजून देतात. त्याच कराराच्या कागदावर, सामान ट्रॉलीत आणि माणसं एसटीत, असं एक कलम घालता येईल. लग्नाच्या वऱ्हाडाला प्रासंगिक करारावर एसटी मिळते. टोळीला जाताना एकदा आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावर परत येताना एकदा, अशा दोन फेऱ्या लागतात. त्यांचं भाडं कारखान्याने भरावं, मुकादमाच्या उचलीतून कापू नये.