ओझे कोणी वाहावे?

गलतीकरांस लिहिताना पौल एकाच अध्यायात एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो, आणि प्रत्येकास आपापला भार वाहावा लागेल असेही म्हणतो. मग साहाय्याची मर्यादा कोणती?

रहिमतपुरासारख्या गावी ज्या घरात सेरेब्रल पाल्सी झालेले, म्हणजे वाढत्या मेंदूस इजा पोचल्यामुळे हातापायांवर पुरता ताबा नसलेले मूल असते, तेथे हा प्रश्न रोज ताटापाशी उभा राहतो. घास सांडतो, आईस ते पाहवत नाही, ती भरविते. तिच्या मायेस कोण दोष देईल?

परंतु संशोधनाचा मेळ घालून सन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते की, मुलास जे साधावेसे वाटते त्याचा त्याने स्वतः, नित्याच्या जागी, पुष्कळ सराव करावा. मुंबईच्या मालिनी चिब ह्यांना हाच विकार. त्यांच्या मातोश्री मिठू अलूर ह्यांनी इंग्लंडात पाहिलेले शिक्षण येथील मुलांस मिळावे म्हणून १९७२ साली संस्था स्थापिली. पुढे मालिनीबाईंनी एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. आईने ते बोट हलविले नाही. वाट मात्र मोकळी केली.

तेव्हा पौलाची दोन्ही वचने खरी होत. ज्यास घास उचलणे शक्य आहे त्याने तो उचलावा. सांडलेले पुसण्याचा, थांबण्याचा व लोकांचे बोल सोसण्याचा भार आपण घ्यावा. ज्यास ते मुळीच साधत नाही त्यास आनंदाने भरवावे. आणि मंडळीने त्या थकलेल्या आईस प्रार्थनेबरोबर आपला एक तासही द्यावा.